कागद कुठल्या बाजूला

रजा रद्द झाली. ऑफिसात म्हणतात, रद्द नाही, तीन आठवडे पुढे गेली. पण मला हवे होते ते दिवस गेले, आणि ते दिवस सोडून नुसती रजा घेऊन मी काय करू. तर, गोष्ट सुरू होते तेव्हा अजून तसं काही झालेलं नाही. रजा मंजूर आहे. आज २००६च्या नोव्हेंबरची बारा तारीख आहे, अर्जावर मालकाची सही आहे, तेवीसचं विमान आहे, पाच डिसेंबरला देवरुखात माझी बायको प्रियांका बाळंत होणार आहे आणि मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेला असणार आहे. सध्या मी मस्कतच्या अझैबात एका कॅफेटेरियाच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलोय आणि समोरच्या थंड पाण्याच्या बाटलीकडे बघतोय. बाटलीला घाम आलाय. एवढंच झालंय.

बाटलीला घाम येतो यात काही नाही. मस्कतमध्ये सगळ्यांनाच येतो. पण मी सहा वर्षं इन्सुलेशनच्या धंद्यात आहे, आणि धंद्यातला माणूस सुट्टीच्या तासालाही बाटली सरळ बघू शकत नाही. आमची कंपनी घरांच्या भिंतींत आणि छपरांत काचेची लोकर, थर्मोकोल, फोम असं काय काय भरून बाहेरचं ऊन बाहेर ठेवते. भरलेल्या मालावर एका बाजूला चंदेरी कागद लावायचा असतो. कागद कशासाठी, तर हवेतली ओल लोकरीत शिरू नये म्हणून. लोकर भिजली की संपली, मग ती इन्सुलेशन राहत नाही, भिजलेली मेंढी होते. ओल येते गरम बाजूकडून. इथे गरम बाजू बाहेर, म्हणून कागद बाहेरच्या अंगाला. सहा वर्षांत मी पाचशे घरं केली असतील, आमचे मिस्त्री मजीदभाई, त्यांनी बावीस वर्षांत किती केली ते त्यांनाही माहीत नाही, आणि त्या सगळ्या घरांत कागद बाहेर. बाटलीला घामसुद्धा बाहेरून येतो, कारण ऊब बाहेर आहे. मी बाटली उचलली, पुसली, पुन्हा ठेवली. ती पुन्हा ओली झाली. आणि मग मला उगाचच वाटलं, की आत गरम चहा आणि बाहेर बर्फ असता तर? तर घाम आतून आला असता. मी बाटली खाली ठेवली. मला जबल अखदर डोंगरावरची, मालकाच्या म्हाताऱ्या आईची खोली आठवली, आणि त्या खोलीच्या भिंतीतला कागद आठवला, आणि तो बाहेरच्या अंगाला आहे हेही आठवलं, कारण तो तिथे लावायला मीच सांगितला होता.

हे सगळं सुरू झालं मार्चमध्ये. अर्बाब, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक नासर, यांची आई वर डोंगरावर सैकला राहते. सात हजार फूट. खाली आमची डोकी वितळत असतात तेव्हा वर लोक शाल घेऊन बसतात, आणि जानेवारीत नळातलं पाणी गोठतं. घर दगडमातीचं. मुलाने मस्कतला तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे, पण ती येत नाही. ती त्या घरात जन्मली, तिची सातही मुलं त्याच खोलीत जन्मली, आणि खाली तिला श्वास घेता येत नाही. तेव्हा अर्बाबने मला बोलावून सांगितलं, "धनंजय, आईचं घर दुरुस्त करायचं आहे. वाजिद बर्द. खूप थंडी. काय भरायचं ते तू निवड." मी म्हटलं, "हाजर." ओमानमध्ये थंडीपासून घर वाचवण्याचं काम मला मिळालं याचा मला आनंद झाला, वाळवंटात होडी दुरुस्त करायला मिळाल्यासारखा. मी खोलीवर परत येऊन प्रियांकाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही तिकडे नक्की काय काम करता हो? मी इकडे लोकांना सांगते, एसीच्या लाइनमध्ये आहेत."

निवडायला दोन महिने गेले. मी तीन नमुने घेऊन वर गेलो. बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलीस गाडीला चारही चाकांचा जोर आहे का ते बघतात आणि मगच वर सोडतात. एकाने गाडीत डोकावून विचारलं, हे काय आहे, मी म्हटलं, थंडी अडवायचं सामान, आणि तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हातारीचं नाव मला अजून माहीत नाही. सगळे तिला उम्म नासर म्हणतात, नासरची आई. तिने नमुने हातात घेतले, वास घेतला, आणि मजीदभाईंकडून मला कळवलं की असं एका बैठकीत सांगता येणार नाही, प्रत्येक वस्तू एक एक रात्र मांडीवर घेऊन बसावी लागेल. मजीदभाई मूळचे राजापूरचे, त्यांची अरबी चांगली आहे, त्यांनी भाषांतर करून पुढे स्वतःचं जोडलं, "बाय हुशार हाय हो इंजिनेर. आपण लगीन करताना एवढी चौकशी केली नव्हती." मी इंजिनियर नाही, डिप्लोमावाला आहे, पण बावीस वर्षं या मुलखात काढलेला माणूस कोणाला काय म्हणेल यावर कोणाचा इलाज नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तर थर्मोकोलचा नमुना बोकडाने खाल्लेला. बोकड ठणठणीत होता, पण नमुना क्रमांक दोन बाद. काचेच्या लोकरीने तिच्या हाताला खाज सुटली. राहिली दगडाची लोकर, म्हणजे दगड वितळवून त्याचे धागे काढून केलेली गादी. मी हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला खोकला आला. दगडाच्या घरात दगडाची लोकर! मग तिने विचारलं की तो दगड कुठला. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, जर्मनीचा. तिथे थंडी असते का? असते. मग चालेल, त्या दगडाला सवय असेल. एवढ्या शास्त्रशुद्ध कारणाने आमच्या कंपनीत आजवर कोणी माल निवडलेला नाही. जाताना तिने माझा हात हातात घेतला. तिचा हात थंड होता. उन्हाळ्यातसुद्धा. मी हात काढून घेतला, जरा लवकरच, आणि मग वाईट वाटलं म्हणून पुन्हा दिला.

थंड हातांचं माझं जुनं आहे. माझे वडील शांताराम एकोणीस वर्षं इथेच, ओमानात बरक्याला मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये होते. गल्फमधून येणारा माणूस उन्हाने काळा होऊन येतो; माझे वडील गोरे होऊन यायचे. उणे अठरामध्ये आठ तास, बाहेर पंचेचाळीस, मध्ये एक दरवाजा. दोन वर्षांतून एकदा यायचे ते जाड निळा कोट घेऊन, तो आमच्या माजघरात खुंटीला असायचा, कानांवर येणारी केसाळ टोपी असलेला, देवरुखच्या मे महिन्यात. मी त्याच्या आत शिरून बसायचो. आत सुरमईचा वास होता, अंधार होता, आणि बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. आई हाक मारायची ती शेजारच्या घरातून मारल्यासारखी लांबून यायची. मला वाटायचं, ओमान म्हणजे हे. मी जन्मलो तेव्हा ते बरक्याला होते. मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चौदा महिन्यांचा होतो, आणि त्यांनी उचलल्याबरोबर मी असा काही किंचाळलो की वाडीतली माणसं जमली. आई सांगते, अनोळखी माणूस म्हणून. वडील सांगायचे, "हात गार होते रे माझे." हे सांगून ते हात एकमेकांवर चोळायचे, जणू अजून उशीर झालेला नाही. मुलगा किंचाळतो यावर त्यांच्याकडे एवढंच उत्तर होतं, आणि ते त्यांनी वीस वर्षं वापरलं. कोल्ड स्टोअरच्या भिंतीबद्दलही ते सांगायचे, जेवताना, कोणी न विचारता. की तिथे कागद बाहेर असतो, कारण आत थंडी, बाहेर ऊब, आणि ओल नेहमी उबेकडून येते. "लक्षात ठेव," म्हणायचे. मी कशाला लक्षात ठेवू. मी भात कालवत होतो.

तर म्हातारीच्या भिंतीचं जे घडलं ते असं. सप्टेंबरच्या शेवटी वर काम चालू होतं, दगडी भिंतीच्या आतून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला होता, त्यात लोकर बसवायची होती, वरून जिप्समचा बोर्ड. मी दारात उभा राहून प्रियांकाशी बोलत होतो. डोंगरावर रेंज फक्त दारात मिळते, एक पाय उंबऱ्याच्या आत नि एक बाहेर ठेवला तर. ती सांगत होती की बाळ लाथा मारतंय. मी म्हणत होतो, कुठल्या बाजूला. त्याच वेळी मागून मजीदभाईंनी विचारलं, "ओ इंजिनेर, कागद कुठल्या अंगाला लावू?" मी वळलो नाही. फोनवर हात ठेवून म्हटलं, "रोजच्यासारखा." एक शब्द. रोजच्यासारखा म्हणजे बाहेर. त्यांनी बाहेर लावला, नीट लावला, सगळ्या सांध्यांवर चिकटपट्टी मारली. मजीदभाईंसारखं चुकीचं काम इतकं सुबक कोणी करत नाही. विचारायचं त्यांच्या मनात का आलं असेल याचा विचार मी आता करतो. सहा वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. थंडी बघून त्यांना शंका आली असणार. शंका त्यांना आली आणि उत्तर मी दिलं, हा आमच्या कंपनीतला कामाचा क्रम आहे.

खोलीत दिवसभर कहव्याची, म्हणजे इथल्या कॉफीची, किटली उकळत असते आणि रॉकेलची शेगडी चालू असते. म्हणजे ऊब आत, वाफ आत. ती वाफ बोर्डातून लोकरीत जाणार, लोकरीतून मागच्या गार कागदापर्यंत जाणार, आणि तिथे पाणी होऊन बसणार. कागद पाण्याला बाहेर जाऊ देणार नाही, कारण तेच त्याचं काम आहे. जानेवारीत जर्मनीच्या सवयीच्या दगडाचा थंड लगदा होईल, आणि त्याला पाठ लावून एक ऐंशी वर्षांची बाई बसेल, खोकत. हे कोणालाच कळलं नसतं. अर्बाबला नाही, मजीदभाईंना नाही. वर्षभराने भिंतीला बुरशी आली असती तर डोंगराची हवा म्हणून सोडून दिली असती. खोकला आला असता तर वय म्हणून. फक्त मला कळलं होतं, पाण्याच्या बाटलीमुळे, आणि त्या बाटलीतलं पाणीही मी प्यायलो नाही.

मी सतरा तारखेच्या शुक्रवारी मजीदभाईंना घेऊन वर गेलो. त्यांना सांगितलं, स्विच बघायचाय. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी गाडीत भजी घेतली. वाटेत ते त्यांच्या बायकोबद्दल बोलत होते, नूरबानू, राजापूरला असते. तिला यंदा डिसेंबरात व्हिजिटवर आणणार होते, तिला हे थंडीचं ओमान दाखवणार होते. "तिला वाटतंय मी बावीस वरसं भट्टीत हाय. एकदा वर नेऊन कुडकुडवतोच तिला." मी हसलो. वर गेलो तर उम्म नासर खूश होती. तिने आम्हाला भिंतीकडे नेलं आणि हाताने दाखवलं: जमिनीजवळ बोर्डावर एक डाग आला होता, बशीएवढा, काठ पिवळसर. मजीदभाईंनी ऐकलं आणि माझ्याकडे बघत सांगितलं, "म्हणते, भिंत घाम गाळतेय. म्हणजे काम करतेय. जुनी भिंत आळशी होती." मी स्विचची पट्टी उघडली, मेन बंद केलं, आणि फटीतून बोट आत घातलं. लोकर ओली होती. बोट बाहेर काढून मी नाकाशी नेलं. बोटाला वास नव्हता, पण मला सुरमईचा आला.

मजीदभाईंनी माझं बोट बघितलं. त्यांना सांगावं लागलं नाही. ते खाली बसले, टोपी काढली, आणि म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणालास रोजच्यासारखा."

"हो, मजीदभाई."

"तेवीसला जातोस ना तू?"

"हो."

"मग पट्टी लाव परत." ते भिंतीकडे बघत होते. "मी परत नाय विचारत तुला. लाव पट्टी, जा घरी. पोर बघ. माझी तिन्ही झाली तेव्हा मी हितं होतो, तिघांना फोटोत बघितली. भिंतीचं काय, मी उन्हाळ्यात बघीन."

उन्हाळ्यात. म्हणजे हिवाळ्यानंतर. मी पट्टी लावली. चारही स्क्रू. म्हातारीने आम्हाला कहवा दिला, खजूर दिले, आणि आत जाऊन एक कापडी पिशवी आणली. अक्रोड. तिच्या झाडाचे. तुझ्या बायकोला, म्हणाली; बाळंतिणीला शक्ती येते. मग तिने माझे दोन्ही हात धरले, आणि तेव्हा मी बघितलं की थंड हात माझे होते आणि तिचे नव्हते, शेगडीजवळ बसल्यामुळे. आणि ती माझे चोळायला लागली, तोंडाने चुक् चुक् करत, जसं कोणी कोंबडीचं पिल्लू भिजलं तर करतं. मजीदभाई दाराबाहेर जाऊन मोठ्याने भजी खात होते.

संध्याकाळी खाली आल्यावर मी प्रियांकाला फोन केला. मी विनोद म्हणून सांगायला सुरुवात केली, की बघ, सहा वर्षांचा अनुभव, आणि कागद उलटा. ती हसली. फोनचं कार्ड संपत आल्याचं रेकॉर्डवरची इंग्रजी बाई सांगून गेली.

"मग आता?" प्रियांका म्हणाली.

"आता काही नाही. सांगितलं तर भिंत उघडावी लागेल. मला थांबावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी येतो."

पलीकडे तिच्या आईने कुकर उतरवल्याचा आवाज आला. "हे बघा," ती म्हणाली, "मला विचारू नका. मला विचारलंत तर मी म्हणणार, गप्प बसा आणि या. मी तसंच म्हणणार. मला बाकावर तुम्ही पाहिजे आहात. म्हातारी माझी कोणी नाही." मग, "मघाशी अक्रोड मिळालेत म्हणालात ना? कोणी दिलेत?" मी म्हणालो, "तिनेच." ती म्हणाली, "बघा." आणि कार्ड संपलं. बघा म्हणजे काय, हे पुढचं कार्ड आणून विचारता आलं असतं. मी आणलं नाही.

खूप दमलो होतो. नुसता बसलो होतो तरी. दमणं कुठून येतं याचा मी विचार केला. बाहेरून येतं की आतून, आणि त्याला कागद कुठल्या बाजूला लावायचा. मी ठरवलं की तेवीसला जाणार. शनिवारी सकाळी राष्ट्रीय दिनाची रोषणाई सगळ्या रस्त्यावर दिवसाउजेडी पेटलेली होती, कोणीतरी बंद करायला विसरलं होतं, आणि मी ठरवल्याप्रमाणे सरळ अर्बाबच्या केबिनमध्ये गेलो. पासपोर्ट मागायला. तो ऑफिसच्या कपाटात असतो. अर्बाब फोनवर होते, आईशीच. हसत होते. फोन ठेवून मला म्हणाले, "म्हणते, तू लावलेली भिंत काम करते. घाम येतो तिला. आई खूश आहे, धनंजय. दहा वर्षांत एवढी खूश नव्हती." आणि त्यांनी किल्ली काढून कपाट उघडलं.

मी म्हणालो, "अर्बाब, भिंत उलटी लागली आहे."

हे मी का म्हणालो ते मला माहीत नाही. पासपोर्ट त्यांच्या हातात होता. हात पुढे केला असता तर मिळाला असता. मी हात खिशात घातले होते, गार पडले होते म्हणून.

अर्बाबने सगळं ऐकलं. मजीदभाईंना बोलावलं. मजीदभाई केबिनच्या दारात उभे राहिले आणि "कागद मी लावला" एवढंच म्हणाले, मी म्हणालो, मी सांगितलं म्हणून लावला, अर्बाब म्हणाले, "खलास, खलास." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मग मीही काहीतरी बोललो असतो. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं. दोन खोल्या, सगळे बोर्ड काढायचे, लोकर बाहेर, नवी लोकर सोहारहून, कागद आतल्या बाजूला, पुन्हा बोर्ड. तीन आठवडे, जानेवारीची थंडी पडायच्या आत. "मजीद एकटा करेल?" मजीदभाई म्हणाले, "करेल." अर्बाब म्हणाले, "मजीद रोजच्यासारखं करेल," आणि कोणीच हसलं नाही, कारण ते खरं होतं. "तू कर, धनंजय. स्वतः उभा राहून. मग जा. पंधरा डिसेंबर. इन्शाल्ला." मी म्हणालो, "अर्बाब, बाळ पाच तारखेला आहे." ते खरोखर विचारात पडले. त्यांना स्वतःला पाच आहेत. मग त्यांनी मान हलवली, पासपोर्ट कपाटात ठेवला, किल्ली फिरवली, आणि अगदी मनापासून, एखाद्या मोठ्या भावासारखं म्हणाले, "बाळाला सांग, थांब म्हणावं."

दाराबाहेर मजीदभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला पट्टी लाव म्हटलं होतं ना रे." मग म्हणाले, "चल, यल्ला. बोर्ड काढायला वेळ लागतो." नूरबानूचा व्हिसा त्यांनी जानेवारीवर ढकलला. मी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही, व्हिसाचे फॉर्म भरणाऱ्या टायपिंगवाल्याने सांगितलं.

आता मी वर आहे. भिंत उघडी आहे, लोकर अंगणात वाळत घातली आहे आणि बोकड तिच्याकडे बघतोय. उम्म नासर शेजारच्या घरात झोपते आणि दिवसा येऊन कामावर लक्ष ठेवते. चांगली चाललेली भिंत आम्ही का फोडली हे तिला कोणी अजून पटवू शकलेलं नाही. मी उंबऱ्यावर बसलो आहे, एक पाय आत, एक पाय बाहेर, मांडीवर कंपनीचं लेटरहेड, आणि वरिष्ठांच्या सूचनेनुसार पुढील मजकूर लिहून पूर्ण केला आहे.

प्रति,
बाळ (नाव नंतर कळवावे),
मु. पो. देवरुख, जि. रत्नागिरी.

विषय : आगमन दहा दिवस पुढे ढकलणेबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सैक येथील एका भिंतीतील कागद निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीमुळे उलट बाजूस लागल्याने तो सुलट करण्याचे काम चालू आहे. सबब निम्नस्वाक्षरीकारास आपल्या नियोजित दिवशी बाकावर हजर राहणे शक्य नाही. आपण सध्या ज्या ठिकाणी आहात ते ठिकाण सर्व बाजूंनी उबदार व ओलीपासून सुरक्षित असल्याची खात्री असल्याने आपली गैरसोय होणार नाही असे वाटते. तरी आपण आपले आगमन दिनांक १५ डिसेंबर, सायंकाळपर्यंत स्थगित ठेवावे. आणि ते शक्य नसल्यास, निम्नस्वाक्षरीकार प्रथम उचलेल तेव्हा त्याचे हात गार लागल्यास, त्यावरून त्याच्याविषयी कायमचे मत न बनविता त्यास हात चोळण्यापुरती मुदत मंजूर करावी, ही नम्र विनंती.